कॅरिबियनमध्ये स्कूबा करायचंय? मग प्लॅनिंग परतीच्या विमानापासून सुरू करा

(या भागाचं हे लिखित रूप. बोलले तसंच ठेवलंय, फक्त "अं" आणि "म्हणजे" थोडे कमी केलेत.)



मागच्या भागात मी सहज बोलून गेले की मे महिन्यात कॅरिबियनला जाऊन स्कूबा डायव्हिंग करून आले. त्यावर मेसेजचा पाऊस पडला. "खर्च किती आला?" "पोहता येत नाही, चालेल का?" "मालवणला केलंय, तेवढं पुरतं का?" आणि एक मेसेज असा होता: "मला दमा होता. फॉर्मवर लिहायचं की नाही?"

हा भाग त्या शेवटच्या मेसेजमुळे करतेय. कारण तोच प्रश्न मलाही पडला होता, आणि माझं उत्तर जवळजवळ चुकलं होतं.

फोनमध्ये दोन टॅब

माझी ताई ह्यूस्टनला असते. ती आणि भावोजी दोघंही डायव्हर. डिसेंबरमध्ये तिचा फोन आला, "अगं, फेब्रुवारीत बोनेअरला जातोय. तू पण ये की!" मी पुण्यात. तोपर्यंत माझं पाण्याशी नातं म्हणजे आजोळच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेलं पोहणं. पण "हो" म्हणायला मला दोन सेकंदसुद्धा लागली नाहीत.

मग ठरलं असं: जानेवारीत घाईघाईने कोर्स उरकायचा आणि फेब्रुवारीत उडायचं. त्या रात्री फोनमध्ये दोन टॅब उघडे होते. एकात विमानाचं तिकीट, ऑफर रात्री बारापर्यंत. दुसऱ्यात कोर्सचा मेडिकल फॉर्म. त्यात फुप्फुसं, हृदय, कान, फिट्स, मधुमेह, ऑपरेशनं असे सगळे प्रश्न. आणि दमा. मला लहानपणी दमा होता आणि त्याच थंडीत दोनदा इन्हेलर घ्यावा लागला होता.

कोर्सवाल्यांना विचारलं तर तिकडून उत्तर आलं, "सगळीकडे 'नाही' लिहा हो मॅडम. सगळे तसंच करतात."

खरं सांगते, माझा अंगठा "नाही"वर गेला होता. बारा वाजायला वीस मिनिटं होती. मी ताईला फोन लावला, वाटलं ती म्हणेल, "कर गं, काही होत नाही." ती म्हणाली, "तिकीट राहू दे. आधी डॉक्टरकडे जा."

मी चिडले, पण गेले. हा भाग मी आज तुमच्यासमोर बसून बोलतेय, त्यात त्या फोनचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं.

फॉर्मवर खरं का लिहायचं?

हे नीट समजून घेऊ, कारण "नियम आहे म्हणून" हे कारण रात्री पावणेबाराला कुणालाच पटत नाही.

समुद्रसपाटीला आपल्यावर हवेचा जेवढा दाब असतो, त्याच्या दुप्पट दाब 10 मीटर खोलीवर असतो. 20 मीटरवर तिप्पट. टाकीतली हवा रेग्युलेटरमधून त्या-त्या खोलीच्या दाबाने आपल्याला मिळते, म्हणून खाली श्वास घेता येतो. आता समजा, 10 मीटरवर तुम्ही छाती भरून श्वास घेतला, तो रोखून धरला आणि तसेच वर आलात. वर येताना दाब निम्मा होतो आणि तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसं काही फुगा नाहीत. ती फाटू शकतात, आणि हवेचा बुडबुडा रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतो. म्हणूनच स्कूबाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही.

दम्यात काय होतं? श्वासनलिका आवळतात. म्हणजे तुम्ही श्वास सोडत असलात तरी फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात हवा अडकून राहू शकते. वर येताना ती तिथेच फुगते. त्यात टाकीतली हवा कोरडी असते आणि पाण्यात दमछाक होते, या दोन्ही गोष्टी दमा उठवू शकतात. फॉर्म हे सगळं विचारतो तो तुम्हाला अडवायला नाही. "हो" लिहिलं म्हणजे दार बंद झालं असं नसतं, तर डॉक्टरांनी तपासून सही करायची असते.

माझी फुंकर मारून घेण्याची चाचणी झाली, म्हणजे स्पायरोमेट्री. मग ट्रेडमिलवर पळवून पुन्हा तीच. डॉक्टर म्हणाले, "आत्ता सही करणार नाही. दोन महिने औषध नियमित घ्या, मग या." फेब्रुवारी गेली. पुढच्या तपासणीत आकडे चांगले आले आणि सही मिळाली. लक्षात ठेवा, ही परवानगी माझी आहे, तुमची नाही. दमा असलेल्या काही जणांना डॉक्टर स्पष्ट "नको" म्हणतात, आणि ते ऐकायचं असतं.

यातून मी प्लॅनिंगबद्दल एक गोष्ट शिकले. चांगलं प्लॅनिंग म्हणजे "नाही" ऐकायला वेळ शिल्लक ठेवणं. तिकीट आधी काढलं की प्रत्येक "नाही" आपल्याला शत्रू वाटायला लागतं.

उलटं मोजायचं

आता प्रत्यक्ष प्लॅन. तो शेवटच्या दिवसापासून मागे यायचा.

खोलीवर दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन शरीरात विरघळतो. सोड्याची बाटली आठवा. झाकण बंद असताना बुडबुडे दिसत नाहीत, फटकन उघडलं की फस्सकन वर येतात. हळू वर आलं की नायट्रोजन श्वासावाटे निघून जातो, पण पूर्ण जायला तास लागतात. विमानाच्या केबिनमध्ये दाब जमिनीपेक्षा कमी असतो, साधारण 6,000 ते 8,000 फूट उंचीच्या डोंगरावर असतो तसा. म्हणजे डाइव्ह करून लगेच विमानात बसणं म्हणजे बाटलीचं झाकण उघडणं. बुडबुड्यांनी सांधे दुखू शकतात, हातपाय बधिर होऊ शकतात, त्याहून वाईटही होऊ शकतं.

म्हणून प्रचलित नियम असा: एकच साधी डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान 12 तास, आणि रोज अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान 18 तास. आम्ही 24 धरले. त्यामुळे आठवड्याच्या सुट्टीत डाइव्हचे दिवस पाचच उरतात: एक यायचा, एक कोरडा. पॅकेज घेताना हे गणित आधी करा. नाहीतर सहा दिवसांचे पैसे भराल आणि सहाव्या दिवशी टाकीकडे बघत बसाल.

मालवणचं पुरतं का?

नाही. मालवणला, गोव्याला बहुतेक लोक करतात ती ओळखीची डाइव्ह असते. इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून थोड्या खोलीवर फिरवून आणतो. अनुभव मस्त, पण ते प्रमाणपत्र नाही. कॅरिबियनमध्ये स्वतंत्र डाइव्ह करायला "ओपन वॉटर" कोर्स हवा: थिअरी, पूलमधला सराव आणि समुद्रात चार डाइव्ह. त्यानंतर 18 मीटरपर्यंत, म्हणजे साधारण सहा मजली इमारतीएवढं खाली जाता येतं. पुढचा "ॲडव्हान्स्ड" कोर्स केला की 30 मीटर.

थिअरी आणि पूल एका शहरात, समुद्रातला भाग दुसरीकडे असंही करता येतं. मी पूल पुण्यात केला आणि मार्चमध्ये समुद्राच्या डाइव्ह अंदमानात. हे घराजवळ करण्याचा फायदा मोठा आहे. डॉलरमध्ये पैसे मोजून मास्कमधलं पाणी काढायला शिकू नका. आणि हो, पोहता यायला हवं. कोर्समध्ये 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं तरंगणं ही परीक्षाच असते.

बेट कसं निवडायचं?

इथे इन्स्टावाले फसतात. कॅरिबियन म्हटलं की बेलीझच्या ग्रेट ब्लू होलचा फोटो समोर येतो. गडद निळं, गोल, सुंदर. पण तो फोटो विमानातून काढलेला असतो. ते भोक सुमारे 300 मीटर रुंद आणि 120 मीटरहून जास्त खोल आहे. डाइव्हचं आकर्षण म्हणजे जवळपास 40 मीटरवर लटकणारे चुनखडीचे जुने खांब. तिथे रंगीत प्रवाळ फारसं नाही, मिनिटं मोजकी, खोली नवशिक्याची नाही. मेक्सिकोच्या कोझुमेलला पाणी काचेसारखं, पण तिथे प्रवाहाबरोबर वाहत जायचं असतं. सराव असेल तर धमाल, नसेल तर घाबरगुंडी.

बोनेअर वेगळं आहे. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला असलेलं हे छोटं बेट 2010 पासून नेदरलँड्सची खास नगरपालिका आहे. चलन अमेरिकन डॉलर. रस्त्यावर डच आणि पापिआमेंतू भाषा ऐकू येते, इंग्रजीत काम भागतं. 1979 पासून भोवतीचा समुद्र संरक्षित सागरी उद्यान आहे. पश्चिमेचा किनारा वाऱ्याच्या आडोशाला, त्यामुळे पाणी बहुधा शांत. आणि प्रवाळाची भिंत किनाऱ्यापासून इतकी जवळ की बोटही लागत नाही. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड असतात, त्यावर डाइव्हच्या जागेचं नाव. पिकअप गाडी भाड्याने घ्यायची, मागे टाक्या टाकायच्या, दगड दिसला की थांबायचं. (गाडीत मौल्यवान काहीही ठेवू नका. हा सल्ला तिथे सगळेच देतात.)

एक जागा आहे "1000 स्टेप्स". नाव ऐकून मी म्हटलं, आम्ही हरिश्चंद्रगड चढणारे लोक, बघू! पायऱ्या निघाल्या सत्तरच्या आसपास. हसत उतरले. पाठीवर टाकी घेऊन वर येताना मात्र हजार का म्हणतात ते कळलं.

नवे असाल तर पहिले दोन-तीन दिवस गाइड घ्या. किनाऱ्यावरून जाणं सोपं असलं तरी परत वाट शोधायची जबाबदारी आपलीच. "हिल्मा हूकर" हे 1984 मध्ये बुडालेलं मालवाहू जहाज तिथे 30 मीटरवर आडवं पडलंय. ताई-भावोजी गेले. माझं कार्ड 18 मीटरचं, मी किनाऱ्यावर शहाळं पीत बसले. थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही.

महिना कोणता?

कॅरिबियनचा चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. बोनेअर, अरुबा, कुरासाव ही दक्षिणेची बेटं नेहमीच्या वाटेच्या खाली आहेत, त्यामुळे तिथे धोका कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे. नोव्हेंबर 1999 मध्ये लेनी नावाचं वादळ नेहमीच्या उलट, पश्चिमेकडून पूर्वेला गेलं आणि त्याच्या लाटांनी बोनेअरच्या शांत बाजूचं प्रवाळ मोडलं. हंगामात जाणार असाल तर तारीख बदलता येईल असंच बुकिंग करा.

कागद आणि पैसे

व्हिसा हा भारतीय पासपोर्टवाल्यांचा खरा खोल समुद्र. तीन गोष्टी सांगते. एक, बोनेअर डच असलं तरी शेंगेन क्षेत्रात नाही, त्याचे प्रवेशाचे नियम वेगळे. दोन, अमेरिकेतून नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. तीन, अमेरिकेचा किंवा शेंगेनचा वैध मल्टिपल एंट्री व्हिसा असेल तर डच कॅरिबियनच्या वेगळ्या व्हिसातून सूट मिळू शकते, पण तुमच्या पासपोर्टला ती लागू आहे का हे तिकिटाआधी डच सरकारच्या संकेतस्थळावर पाहा. माझ्याकडे अमेरिकेचा व्हिसा होता, म्हणून ह्यूस्टनमार्गे गेले. युरोपमार्गे ॲम्स्टरडॅमहूनही विमानं आहेत.

बेटावर बाहेरच्या माणसाला 75 डॉलर प्रवेश कर आणि समुद्रात उतरायला 40 डॉलर निसर्ग शुल्क भरावं लागतं. हे आकडे बदलतात, जाण्याआधी बघून घ्या. मग विमान, राहणं, गाडी, टाक्या. काटकसर करायची तर राहण्यात करा, स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. आम्ही रात्री वरण-भातच करत होतो. विम्यात मात्र काटकसर नको. साध्या प्रवास विम्यात बऱ्याचदा स्कूबा वगळलेलं असतं किंवा खोलीची मर्यादा असते. पॉलिसीतला बारीक अक्षरांतला मजकूर वाचा, गरज पडली तर डायव्हिंगचा वेगळा विमा घ्या. बुडबुड्यांच्या आजारावर उपचार दाबाच्या चेंबरमध्ये होतो. बोनेअरच्या इस्पितळात तो आहे, प्रत्येक बेटावर नसतो. जवळचा चेंबर कुठे, हा प्रश्न हॉटेल निवडण्याआधीचा.

पाहुण्यासारखं वागायचं

बोनेअरला पहिली डाइव्ह ओळखीची असते: नियम समजून घ्यायचे आणि आपल्याला पाण्यात स्थिर तरंगता येतं का हे दाखवायचं. हातमोजे घालायला बंदी आहे, कारण मोजे असले की माणूस प्रवाळ धरतो. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेलं सनस्क्रीनही चालत नाही. पूर्ण बाह्यांचा स्विमसूट सगळ्यात सोपा.

आणि प्रवाळ आजारी आहे, हेही सांगायला हवं. फ्लोरिडात 2014 मध्ये दिसलेला एक रोग कॅरिबियनभर पसरत 2023 मध्ये बोनेअरला पोचला. त्यात कठीण प्रवाळाची जिवंत त्वचाच गळून जाते. शिवाय गरम पाण्याने प्रवाळ पांढरं पडतंय. मी पाहिलेल्या भिंतीवर जांभळे पंखे होते, पोपटमासे होते, एक कासव माझ्याकडे ढुंकूनही न बघता चरत होतं. आणि मधेच पांढरे, मेलेले गोळेही होते. एका जागेहून दुसरीकडे जाताना सामान निर्जंतुक करायला सांगतात. कंटाळा न करता करा.

तिथे एक ओळखीचा पाहुणाही भेटला: लायनफिश. दिसायला राजबिंडा, पण मूळचा हिंद आणि प्रशांत महासागरातला, म्हणजे आपल्या बाजूचा. माणसामुळे अटलांटिकमध्ये सुटला आणि आता तिथली लहान मासळी फस्त करतो.

शेवटची रात्र

शुक्रवारी सकाळची डाइव्ह अकराला संपली. शनिवारी दुपारी एकचं विमान. संध्याकाळी भावोजींना राहवेना. "एकच नाइट डाइव्ह. आठपर्यंत बाहेर."

मी बोटांवर मोजलं. "भावोजी, आठ ते एक म्हणजे 17 तास."

"अगं, एका तासाने काय होतंय?"

मला डिसेंबरमधला माझा अंगठा आठवला. म्हटलं, "ताईने मला तीन महिने थांबवलं. तुम्ही एक रात्र थांबा." ते हसले, आणि टाक्या परत देऊन आले.

मग शुक्रवारची दुपार आणि शनिवारची सकाळ आम्ही बेट बघितलं. दक्षिणेला मिठागरं आहेत. गुलाबी पाणी, मिठाचे पांढरेशुभ्र डोंगर, लांबवर फ्लेमिंगो. उरण-पनवेलची मिठागरं पाहिलेल्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटतात. आणि त्यांच्या कडेला रांगेने छोट्या दगडी खोल्या. इतक्या बुटक्या की वाकून आत जावं लागतं. मिठागरात राबवलेली गुलाम माणसं तिथे झोपायची. त्यांची घरं उत्तरेला रिंकोन गावात, तासन्‌तास चालत जाण्याएवढी दूर. डच कॅरिबियनमध्ये गुलामी 1863 मध्ये संपली. ज्या किनाऱ्यावर आम्ही पाच दिवस मजेत टाक्या चढवत होतो, त्याचा हा इतिहास, आणि तो मला कोरड्या दिवसामुळे दिसला.

तर ज्यांनी तो मेसेज केला होता, त्यांना माझं उत्तर: लिहा. "हो" असं लिहा, डॉक्टरकडे जा, आणि ते थांबा म्हणाले तर थांबा.

तुमचं काय ठरतंय ते मला कळवा. आणि तिकीट काढलं असेल, फॉर्म अजून भरला नसेल, तर आधी तो भरा, मग मला मेसेज करा. भेटू पुढच्या भागात!